बाबांचा कॉम्प्युटर मी टाकला नाही

तो कॉम्प्युटर भंगारात द्या, असं मला सगळ्यांनी सांगितलं. बायकोने सांगितलं, पुण्याहून बहिणीने फोनवर सांगितलं, दुकानदाराने तमिळमध्ये सांगितलं. मी कुणाचंही ऐकलं नाही आणि त्याची मला आजही खंत नाही. खंत आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. तीही लिहितो.

आई गेल्यावर मी बाबांना मिरजेहून चेन्नईला आणलं. त्यांनी नको म्हटलं नाही, एवढ्यावरच आणलं. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला, बाजारात जायचं तर जागोजागी गप्पांना थांबावं लागणारा हा माणूस वेलचेरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये येऊन बसला. लिफ्टमध्ये कुणी तमिळमध्ये काही विचारलं की नुसता हसायचा. त्यातच डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं वाढलं. मधोमधचं सगळं पुसट, कडेने दिसेल तेवढंच.

मग मी माझा जुना डेस्कटॉप त्यांच्या खोलीत लावला आणि अक्षरं इतकी मोठी केली की पडद्यावर एका वेळी चार-पाच शब्दच मावत. सकाळी कॉफी झाली की बाबा पडद्याला नाक टेकवून मिरजेचं दैनिक वाचत. सुरुवात निधनवार्तांपासून. कुणी ओळखीचं गेलेलं असलं की लगेच त्या घरी फोन. "मिरज सोडली म्हणजे काय मी मेलो का?" म्हणायचे. या शहरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं.

दिवाळीच्या सुमारास इथला पाऊस लागला आणि कॉम्प्युटर बिघडला. बटण दाबलं की पंखा फिरे, पडदा उजळे आणि आपण खुर्ची पुढे ओढेपर्यंत सगळं गप्प. मधूनच एखादा दिवस नीट चाले, उगाच आशा लावायला.

"अरे, हे बटण जरा जड लागतंय," बाबा म्हणाले.

"बाबा, बटणाचा काही संबंध नाही. पॉवरचा प्रॉब्लेम आहे."

मी गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. मशीन बिघडलं तर आधी मशीनवरच्या माणसाला विचारा, हा आमचा पहिला नियम. नव्या इंजिनिअरांना तो मीच शिकवतो. घरी मशीनवरचा माणूस आपणहून सांगत होता.

मी प्लग लावायचा स्पाइक बस्टर बदलला. दुसऱ्या भिंतीवरचं सॉकेट वापरून पाहिलं. रॅम काढून खोडरबराने घासली. एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा ठोकळा, नवा बसवला. फरक शून्य. शेवटी ते धूड मांडीवर घेऊन ऑटोने रिची स्ट्रीट, म्हणजे इथला कॉम्प्युटरचा बाजार, गाठली. दुकानदाराने झाकण काढलं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक मदरबोर्डवरच्या दोन पिनांना टेकवलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला. आमचा चहा पिऊन झाला तरी चालूच.

"सिस्टीम सूपर, सार. तुमच्या घरचा करंट खराब."

घरी आणला, तर बंद. इलेक्ट्रिशियनने अर्थिंग तपासलं, ते ठणठणीत होतं. पुन्हा दुकानात नेला. तिथे पुन्हा चालला.

"जुना बोर्ड, सार. आतून पोच्चु, गेला," दुकानदार वैतागून म्हणाला. "किती वेळा आणणार? सासरीसुद्धा मी इतका जात नाही. नवीन घ्या."

बहिणीचं म्हणणं, टॅब आणावा. एक मागून आणला होता. बाबांचं बोट लागलं की पान पळायचं. "हे वाचायचं की पकडायचं?" म्हणून त्यांनी तो परत केला.

"दादा, हा तुझा हट्ट आहे," बहीण म्हणाली. "बाबांचं नुसतं नाव पुढे करतोयस."

"असू दे माझा. पण डबा टाकणार नाही."

त्याच दिवसांत मिरजेहून एका नातेवाइकाचा फोन आला. बोलता बोलता कळलं, बाबांचे शाळेतले सोबती गेले. दोघं वर्षानुवर्षं एकाच सायकलवर डबलसीट शाळेत जायचे. त्यांचं तेरावंही होऊन गेलं होतं.

बाबा आत जाऊन काळ्या पडद्यासमोर बसले. तिथूनच म्हणाले, "मला मिरजेला सोड. तिथे निदान कुणी दारात येऊन सांगेल."

या डोळ्यांनी ते तिथे एकटे कसे राहणार होते? पण त्यांना थांबवायला माझ्याकडे त्या बंद डब्याखेरीज काही नव्हतं. "रविवारपर्यंत थांबा," एवढंच म्हणालो.

रविवारी मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो. "बाबा, तुम्ही रोज कसं सुरू करता, ते करून दाखवा."

त्यांनी चाचपत बटण शोधलं आणि दाबलं. पंखा फिरला. "हे बघ. आत जातं ते लवकर वर येत नाही. तुला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

मी बोट लावून पाहिलं. बटण आतच होतं. तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडला. बटण थोडा वेळ दाबून धरलं की कॉम्प्युटर सक्तीने बंद होतो, हे मला काय माहीत नव्हतं? आमचं बटण दाबलेलंच राहत होतं. आणि दुकानात ते कुणी दाबलंच नव्हतं, तिथे बटणाच्या वायरी जिथे जोडतात त्या पिनांवरच काम चाललं होतं.

पुढची पट्टी काढली. बटणाभोवतीच्या फटीत पिवळट, चिकट लगदा. वास घेतला. चंदन!

आयुधपूजेला आमच्या कारखान्यात प्रत्येक मशीनला चंदनाचा टिळा लावून त्यावर कुंकू लावतात. तीच आपली खंडेनवमी. ती बाबांना इथे परकी वाटू नये म्हणून मी चंदनाची वाटी घरी आणली होती आणि ते गोल बटण म्हणजे जणू कपाळच, असं समजून त्यावर अंगठ्याने चंदन थापलं होतं. सुकलेलं होतं तोवर निभावलं. दमट हवेने ते चिकट झालं.

"मीच लावलं होतं, बाबा."

"स्कूटरची पूजा करताना मी कधी ब्रेकला गंध लावलेलं पाहिलंस?"

"टिळा कसला, बाबा," बायको दारातून म्हणाली, "उटी लावली होती उटी!" आणि बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

खरवडताना बटणाची कडी तुटली. "झालं!" बायको म्हणाली. "आता तरी..."

"नाही."

खालच्या हार्डवेअरच्या दुकानातून मी दारावरच्या बेलचं बटण आणलं. त्याच्या दोन वायरी त्या दोन पिनांना जोडल्या आणि बटण टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवलं. मोठं, पांढरं, हाताला लगेच सापडणारं. बाबांनी दाबलं आणि सोडलं. ते चटकन वर आलं.

"दादा, कॉम्प्युटरला डोअरबेल?" बहीण व्हिडिओ कॉलवर हसून लोळायची बाकी राहिली.

"हो. तुझा लॅपटॉप बंद पडला की कळव."

हसा खुशाल. तो अजून चालतो आणि मिरजेला सोड, असं बाबा पुन्हा म्हणालेले नाहीत. बटणाचं मी पहिल्याच दिवशी ऐकलं असतं तर मित्राची बातमी त्यांनी वेळेवर वाचली असती; त्याबद्दलही ते मला कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या आयुधपूजेला मी पुन्हा चंदनाची वाटी आणली. बायकोने कपाळाला हात लावला. मी अंगठा बुडवला, तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं, चाचपत डब्याच्या पत्र्याच्या बाजूवर नेलं आणि म्हणाले, "इथे लाव. हवं तेवढं."