दादाला पॉम्पेई दाखवायला नेलं त्याची गोष्ट

नागपूरच्या विमानतळावर पहिल्याच तपासणीत दादाचा अडकित्ता गेला. "बापा, मी त्यानं सुपारी कतरतो, विमान नाही कतरत," असं तो त्या तपासणाऱ्या पोराला समजावत होता आणि मागची रांग हसत होती. मी म्हटलं, "सोड ना दादा!" पण सोडेल तो दादा कसला? शेवटी मीच त्याला दंडाला धरून पुढे काढलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पवनीला नदीकडच्या मोहल्ल्यात राहतो, हातमागावर साड्या विणतो. मी मोहाडीची, निवृत्त शिक्षिका. माझी मुलगी रश्मी नोकरीसाठी इटलीत नेपल्सला असते, तिने आम्हाला बोलावलं. वहिनीचे गुडघे धरलेले, म्हणून ती भंडाऱ्याला लेकाकडे थांबली. पण माझ्या मनात वेगळाच बेत होता, तो आधीच सांगून टाकते.

वैनगंगेला मोठा पूर आला तेव्हा सगळा मोहल्ला निघून गेला आणि दादा-वहिनी मात्र घरातच राहिले. मी गाडी करून अड्याळपर्यंत गेले होते. पुढे रस्त्यावर पाणी, पोलिसांनी परत फिरवलं. हे दोघे दीड दिवस माळ्यावर होते, मग नावेतून काढलं त्यांना. कशापायी थांबले? मागावर साडीचा ताणा (उभे धागे) चढवलेला होता! ताण्यापायी बायकोला बुडवायला निघाला होता हा, असं मी लग्नात, बारशात, जिथे चार माणसं भेटतील तिथे सांगत आले. दादा मुकाट्याने ऐकायचा. आणि पूर ओसरल्यावर पठ्ठ्याने त्याच घरात पुन्हा माग मांडला. आता पावसाळा तोंडावर आला होता. म्हटलं, जिथली माणसं वेळेत निघाली नाहीत ते गावच याला दाखवू, म्हणजे यंदा तरी निघेल. मास्तरणीची खोड, दुसरं काय!

नेपल्सला पोचलो त्या संध्याकाळी रश्मीने रिसोत्तो (सार घालून शिजवलेला लपथपीत भात) केला. दादाने दोन घास खाल्ले आणि दाणा बोटात चेपून पाहिला. "पोरी, गॅस संपला का? कणी राहिली ना यात." इथे भात असाच खातात, असं रश्मीने सांगितल्यावर तो हळहळला. "एवढा चांगला तांदूळ अन् कच्चाच खाऊन राहिले!" मग उरलेला भात स्वतः पुन्हा गॅसवर ठेवून मऊ केला आणि सगळा संपवला.

दुसऱ्या दिवशी रेल्वेने पॉम्पेईला गेलो. स्टेशनाबाहेरच व्हेसुव्हियस दिसला. मला वाटलं होतं काळाकुट्ट, भेसूर काहीतरी असेल. कसलं काय! पायथ्यापर्यंत घरंच घरं असलेला निळसर डोंगर. फाटकाजवळ एक जाडजूड बाई लिंबं विकत होती, एकेक नारळाएवढं. रश्मीला दुभाषी करून मी विचारलं, "हा डोंगर अजून जिवंत आहे?"

"आहे. झोपलाय."

"मग तुम्ही इथे राहता कशा?"

बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कुठे राहता?" मी तोंड उघडायच्या आत दादाच बोलला, "सांग रश्मी, मी नदीकाठी राहतो म्हणून." बाई खो-खो हसली आणि दादाला एक लिंबू फुकट दिलं. मला दिलं नाही.

आत गेलो. चार खांब आणि पडक्या भिंती असतील असं धरून चालले होते मी. हे तर अख्खं गाव होतं! दगडी रस्ते, आणि त्या दगडांत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. पावसात पाय भिजू नयेत म्हणून रस्त्यात मांडलेले उंच धोंडे. पाण्याची टाकी, आणि तिच्या काठाला हात टेकून टेकून पडलेला खळगा. किती माणसं टेकली असतील तिथे! थर्मोपोलियम (गरम जेवणाचं दुकान) होतं, ओट्यात मडकी बसवलेली. आपल्या बसस्टँडवरचं आलुबोंड्याचं हॉटेल असतं ना, तसंच, फक्त मालक नव्हता. पुढे पावाची भट्टी, शेजारी पुरुषभर उंचीची दगडी जाती. रश्मी म्हणाली, भट्टीत पाव तसेच सापडले, जळून कोळसा झालेले. म्हणजे कोणीतरी सकाळी उठून पीठ मळलं होतं की!

मग तिने सगळं सांगितलं. डोंगर फुटला, आधी कितीतरी तास वरून हलके दगड पडत राहिले, छपरं कोसळली. पुष्कळ लोक त्या वेळातच निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेली राख आणि वाफ आली, आणि जे गावात उरले होते ते जागच्या जागी गेले.

"म्हणजे निघायला वेळ होता!" मी दादाकडे पाहून मुद्दाम मोठ्याने म्हटलं. दादाचं लक्षच नव्हतं. तो एका घरात काचेपुढे उभा होता. आत मातीचे भोकं पाडलेले गोळे होते, पेरूएवढे. रश्मीने पाटी वाचली. उभ्या मागावर धागे ताणून ठेवायला खाली बांधायची ही वजनं.

दादाने ती बोटाने मोजली. "माग तसाच राहिला याचा. ताणा कापाले वेळ नाही भेटला."

"ताणा कोणी कापतो का?" मी म्हटलं. विणकराच्याच घरात वाढले मी. चढलेला ताणा अर्ध्यात कापणं म्हणजे वाढलेलं ताट लाथाडणं, असं बाबा म्हणायचे. दादा पुढच्या घराकडे चालू लागला.

शेवटी आम्ही एका बागेशी आलो. तिथे काचेमागे ती माणसं होती. राखेत दबलेली शरीरं कुजून गेली, राखेत त्यांची पोकळी उरली, त्या पोकळीत प्लास्टर ओतून काढलेले हे आकार. हे मी पुस्तकात वाचलं होतं, मुलांना शिकवलंही होतं. पण एक माणूस कोपरावर अर्धवट उठलेला होता. लहान लेकरं होती. अंगावरच्या कपड्याच्या चुण्यासुद्धा दिसत होत्या. आई गं! आणि तरीही, माझी जीभ बघा, मी म्हणालेच, "पाहिलंस दादा? थांबले म्हणून असे झाले."

"काहून थांबले, तुले काय माहीत?" दादा काचेकडे पाहतच म्हणाला. "कोणाची वाट पाहून राहिले असतीन."

"तू कोणाची पाहत होतास? ताण्याची?"

"ताणा म्या सकाळीच कापला होता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कैचीनं कापला," तो म्हणाला. "गठुडं बांधून दारात ठेवलं. शेजारचे टेम्पोत बसून राहिले होते, मले म्हणत, चाल. तेवढ्यात तुहा फोन आला. दादा, कुठी जाऊ नको, थांब, मी गाडी घेऊन येऊन राहिली. म्या शेजाऱ्याले म्हटलं, तुम्ही जा, माही बहीण येऊन राहिली. आम्ही निघून गेलो असतो तं तू आम्हाले पुरात शोधत फिरली असती."

मला तो फोन आठवला. मोहाडीच्या तहसील कचेरीसमोर, छत्री काखेत धरून, मी ओरडून ओरडून म्हणाले होते, थांब. अड्याळहून परत फिरताना त्याचा फोन लागेना, तेव्हा मीच ठरवून टाकलं की ते निघाले असतील. पुढे माळ्यावर सापडले हे कळल्यावर कारणही मीच ठरवलं. कधी विचारलं नाही. एकदाही नाही! आणि गावभर सांगत फिरले.

"इतके दिवस बोलला काहून नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलू? तू आली होती ना अड्याळपर्यंत."

त्या काचेसमोर मी लहान पोरीसारखी रडले. रश्मी घाबरली. एका परक्या म्हाताऱ्याने मला कागदी रुमाल दिला. त्याला वाटलं असेल, या बाईला दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचा किती कळवळा!

परत आल्यावर लोक विचारतात, काय काय पाहिलं? मी भट्टी सांगते, जाती सांगते, रस्त्यातले धोंडे सांगते. आणि ज्या ज्या घरी ती पुराची गोष्ट सांगितली होती, तिथे जाऊन खरी गोष्ट सांगते. काही जण म्हणतात, जाऊ द्या ना बाई, जुनं झालं. माझ्यासाठी ते आत्ताचं आहे. त्या काचेसमोर उभं राहून मी मेलेल्यांना सुद्धा दोष देऊन मोकळी झाले होते, त्यांनी कोणाला शब्द दिला होता ते न विचारता.

या वर्षी मी फोन केला नाही. आभाळ कोरडं असतानाच बसने पवनीला गेले. वहिनी दारात तांदूळ निवडत बसली होती. दादाने मागावरून मान वर केली.

"काहून आली? पाणी तं अजून कोसभर लांब आहे."

"तुम्हा दोघांना मोहाडीला न्यायला आले. पाऊस सरेपर्यंत माझ्याकडेच."

"अन् हे?" त्याने मागाकडे हात केला. साडी अर्धी विणून झाली होती. अजून चार दिवसांचं काम असेल.

"विण तू. मी थांबते," मी म्हटलं, आणि पिशवी खुंटीला अडकवली.