आत्याचा न उष्टावलेला चमचा

जगातल्या सगळ्या क्रांत्या आमच्या आत्याच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन चपला काढतात, असं माझं ठाम मत आहे. मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. वडील चळवळीतले, त्यामुळे आमच्या सोनईच्या घरात वर्तमानपत्राआधी पत्रक यायचं. पुढं मीही लिहू लागलो. अंधश्रद्धेवरचं माझं पहिलं पत्रक मी मोठ्या अभिमानानं आत्याच्या हातात दिलं, तर दुसऱ्या दिवशी गच्चीवर त्याच्या गठ्ठ्यावर कुरडया वाळत होत्या. "कागद चांगला हाय, चिकटत न्हाई," एवढंच तिचं परीक्षण.

ही आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहते. तिनं जन्मात कधी शिजता पदार्थ चाखलेला नाही. आधी देवाला नैवेद्य, मग माणसांनी खायचं. त्याआधी जिभेला लागलं की ते उष्टं. मीठ ती वासावरून ओळखते. झाकण उचलते, डोळे मिटते, नाक पुढं करते आणि म्हणते, "चिमूटभर लागंल." आमटी, भरीत, पिठलं, कशातच ती कधी चुकली नाही. घरातल्या माझ्या सगळ्या तर्कशुद्ध युक्तिवादांचा पराभव या एका नाकानं केला.

पन्नाशी उलटल्यावर तिनं नगरच्या कम्युनिटी कॉलेजात पाककलेच्या वर्गाला नाव घातलं. गावातल्या मुलींच्या वसतिगृहाला मुख्य स्वयंपाकीण हवी होती, पण प्रमाणपत्रवाली. वडील म्हणाले, "अक्का, तुला इथं काय कमी आहे?" ती म्हणाली, "कमी काय न्हाई रे. पर हे सैपाकघर तुझ्या बायकोचं. मला माझं पायजे." यावर वडिलांनी हातातलं पत्रक बाजूला ठेवलं आणि फीचे पैसे मोजून दिले. मी त्याच कॉलेजात बी.ए. करत होतो, त्यामुळे सकाळच्या एसटीत तिच्यासाठी खिडकीची जागा धरण्याचं काम माझ्याकडं आलं.

लुगड्यावर पांढरा कोट, डोक्यावर पदर आणि पदरावर उंच पांढरी टोपी अशी आत्या वर्गात उभी राहिली, की पोरी आपापली गाजरं कापायची विसरत. आठवड्याभरात त्या सगळ्या तिला आत्याच म्हणू लागल्या. शिकवायला एक तरुण सर होते. त्यांचा पहिला नियम असा, की कोटाच्या बाहीवरच्या खिशात स्वच्छ चमचा ठेवायचा आणि चाखल्याशिवाय ताट पुढं करायचं नाही. आत्याचा चमचा वर्गात सर्वांत चकचकीत होता. त्याच्या दांडीनं ती डब्याचं घट्ट झाकण उघडी, एसटीच्या खिडकीचा खटका सोडवी. तोंडाला मात्र तो कधी लागला नाही.

"आत्या, चाखा की," सर म्हणत.

"सर, मी उष्टं केलेलं तुमाला कसं वाढू? तुमी गुरू."

घरी हे चाललं, पण कॉलेजात नाक फसलं. लोणी आणि मैद्याचं सूप तिच्या वासाच्या राज्यात येईना. "हे पांढरं पानी गप बसतंय बघ," ती वैतागून म्हणाली, "बोलतच न्हाई माझ्याशी." पहिल्या चाचणीत सुपात मीठ नव्हतं. दुसऱ्या चाचणीत इतकं होतं, की सर पाणी प्यायला गेले ते लवकर परत आलेच नाहीत. शेवटच्या परीक्षेत नापास झाली, तर वसतिगृह दुसरी बाई बघणार हे उघड होतं.

मग एका दुपारी ती सुपाची वाटी घेऊन थेट वाचनालयात माझ्यापुढं आली. "हात पुढं कर. चाख."

"मी?"

"तू देव मानत न्हाईस ना? मग तुला कसलं उष्टं अन् कसलं पाप? तुझ्या नास्तिकपणाचा घराला पयल्यांदाच उपेग व्हतोय."

तेव्हापासून मी आत्याचा अधिकृत चाखणारा झालो. तळहातावर थेंब पडायचा, मी निकाल द्यायचा. एसटीत मात्र माझं भाषण चालूच असे, की देव्हाऱ्यात काही नाही, उष्टं हे भेदभावाचं जुनं हत्यार, वगैरे. ती शेंगा सोलत ऐकायची आणि सोललेल्या मला द्यायची.

परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडम कडक होत्या. मला दारातच थांबवलं, आणि सांगितलं की ज्यानं शिजवलं त्यानंच आमच्यासमोर चाखायचं. मी खिडकीतून बघत होतो. आत्यानं झाकण उचललं, नाक पुढं केलं, मागं घेतलं. सुपाची वाटी तशीच हातात. माझ्या दिशेला एकदा बघितलं. मग खिडकीच्या कट्ट्यावर वाटी ठेवली, भोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटले.

"काय चाललंय?" मॅडम.

"एक मिंट, म्याडम. मालकाला दाखवते."

"कोण मालक?"

"ज्याचं हाय त्यो."

आणि बाहीतला चमचा काढून तिनं सूप तोंडात घातलं. "अगं बाई! मीठच न्हाई की!" मीठ पडलं. वेळ टळल्याचे गुण गेले, पण आत्या पास झाली.

परतीच्या एसटीत मी विजयानं म्हणालो, "पटलं ना शेवटी माझं?"

"पटलं तर. तू म्हनलास, त्यो देव्हाऱ्यात न्हाई. मग भाईर कुठंतरी असंलच की."

आता वसतिगृहाच्या स्वयंपाकघरावर तिचं राज्य आहे. खिडकीच्या कट्ट्याला वाटी दाखवते, मग स्वतःच्या चमच्यानं चाखते, आणि पोरींना वाढते. ती स्वतः चाखते, म्हणजे मी भाषणांत मागितलं होतं ते मिळालं. तरी रविवारी तिथं गेलो, की दारात उभं राहून माझा तळहात आपोआप पुढं होतो. परवा तिनं तो बघितला, पळी थांबवली आणि आमटीचा थेंब त्यावर टाकला.

"मीठ बराबर हाय, म्हाईतीय मला," ती म्हणाली. "तरी तू सांग."