दुसरीच्या वर्गातला हुंकार

आमच्या कथाकथन उपक्रमाचं उद्घाटन झालं, तेव्हा शहराच्या टोकाला असलेल्या बेसा भागातल्या एका शाळेत पाहुण्यांनी वाचनसंस्कृतीवर पाऊण तास भाषण केलं. पहिल्या रांगेतली चार मुलं झोपली. मला त्यांचा हेवा वाटला. निवृत्तीनंतर दर गुरुवारी धरमपेठेतून स्कूटीवर यायचं आणि दुसरीतल्या मुलांना गोष्ट सांगायची, एवढंच माझं काम. तरी मलाही शाल मिळाली, शिवाय गळ्यात अडकवायला 'कथामैत्रीण' असं छापलेलं ओळखपत्र.

पहिल्याच गोष्टीत गडबड झाली. "एक होता कोल्हा," मी म्हटलं. खिडकीजवळची दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "हूं." "त्याला लागली तहान." "हूं." प्रत्येक वाक्याला तेच. आधी वाटलं, घसा साफ करतेय. मग वाटलं, माझी टर उडवतेय. कॉलेजात इतकी वर्षं शिकवल्यावर टर ओळखता येते, असा माझा समज होता. "बाळ, मध्ये बोलू नकोस," मी म्हटलं. वर्गाच्या बाईंनी सगळ्यांनाच तोंडावर बोट ठेवायला लावलं. कोल्हा अगदी शांततेत पाणी प्याला.

पुढचे दोन गुरुवार ती आलीच नाही. तिसऱ्या गुरुवारी तिची आई फाटकाशी माझी वाट पाहत होती.

"मॅडम, तिले काहून गप केलं? बुधवारपर्यंत चांगली राहते. गुरुवार आला का पोट दुखून राहिलं म्हणते. त्या आजीले माह्यं आयकणं आवडत नाही म्हणते."

"अहो, ती सारखी हूं हूं करत होती."

"मंग? गावाकडं तिचा आजा गोष्ट सांगते, तं हे पोरगी हूं देते. हूं नाही आलं तं तो थांबून जाते. त्याले वाटते, झोपले सारे." तिनं माझं ओळखपत्र वाचलं. "तुम्हाले कोणी हूं देतच नव्हतं का?"

लोककथांवरची दोन कपाटं भरून पुस्तकं माझ्या घरी आहेत. हुंकाराबद्दल त्यांत वाचलंही आहे. तो असा शाळेच्या गणवेशात समोर आला, तर ओळखायचा कसा, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी आईनं तिला वर्गात आणून बसवलं. मी हुशारी केली. "आज सगळ्यांनी हूं द्यायचं," असं जाहीर केलं. सगळा वर्ग एकसाथ असा गरजला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. ती मुलगी तेवढी गप्प.

"तू का नाही देत?"

"हूं एकच जण देते, आजी."

"मग तूच दे."

"पयले सांगा तं."

बाकीच्यांना गप्प बसवून मी पुन्हा सुरुवात केली. एक वाक्य झालं. ती नुसती बघत होती. दुसरं झालं. काही नाही. तिच्या आजोबांच्या नियमानं मी थांबायला हवं होतं, शाळेच्या वेळापत्रकानं पुढे जायला. आता ती रुसली आहे, माझी परीक्षा घेतेय की तिला गोष्टच आवडली नाही, यातलं काहीच मला कळेना. मी थांबले. वर्गाच्या बाईंनी घड्याळ पाहिलं. मुलं माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

"थांबल्या काहून?" ती म्हणाली. मग खाली बघत, "हूं."

तो हुंकार पहिल्या वाक्याचा होता की दुसऱ्याचा, ते मला समजलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मी तिसरं वाक्य सांगितलं.