घासाशेजारची ओळ

नवसाबाई भाजी पिकवतात आणि नाशिक रोडच्या बाजारात स्वतः विकतात. आमच्या वसाहतीच्या कुंपणाला लागूनच त्यांचा जमिनीचा तुकडा आहे. १९७६ च्या पावसाळ्यात कुंपणावरून मला घेवडा देताना त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमी कचेरीतलं माणूस. माझं एक लिवून ठेवाल का?"

त्यांच्याकडे घेवड्याचं तीन तऱ्हेचं बी होतं. काळं, ठिपक्याचं आणि पांढरं. पांढरं त्यांच्या आईनं निफाडहून सासरी येताना पदरात बांधून दिलेलं. बाईंचे मालक बहिरूभाऊ यांचं म्हणणं, एवढ्याशा जागेत तीन वाण कशाला? ज्याच्या पानांवर मावा, ती रस शोषणारी बारीक कीड, कमी पडेल तेवढं ठेवावं. बाईंना पांढरं सोडवत नव्हतं.

मी वाणिज्य शाखेचा. शेतीतलं मला काही कळत नाही, पण वही कशी ठेवावी हे कळतं. मी सांगितलं, दर हंगामात ओळींचा क्रम बदलू नका, म्हणजे घोटाळा होणार नाही. विहिरीकडे काळा, मध्ये ठिपक्याचा, शेवटी पांढरा. प्रत्येक ओळीतली दहा पानं उलटून बघायची, मावा दिसला की मी खूण करायची.

हिवाळ्यात तिन्ही ओळी जवळजवळ सारख्या निघायच्या. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मात्र पांढऱ्याचं पान माव्यानं काळं पडायचं. एका उन्हाळ्यात ठिपक्याचाही गेला, का ते कळलं नाही. तरी तीन वर्षांच्या खुणा बघून बहिरूभाऊ म्हणाले, "आता वहीच बोलती. मी कशाला बोलू?"

दुसऱ्या दिवशी बाई वाटीभर उसळ घेऊन आल्या. "उरलेलं सगळं पांढरं शिजवलं. खा भाऊसाहेब, माझं माहेर हाय ते."

मी खाल्ली. चव चांगली होती.

पुढच्या पावसाळ्यात दोनच वाण राहिले आणि मोकळ्या झालेल्या शेवटच्या ओळीत काळा लावला. पंधरा दिवसांत त्याची पानं माव्यानं लडबडली. बाईंनी मला कुंपणाशी बोलावलं. शेवटच्या ओळीपलीकडे म्हशीसाठी लावलेला घास होता, तो नुकताच कापलेला.

"घास कापला तवा त्यातला मावा कुठं जाईल? शेजारीच ना?" त्या म्हणाल्या. "मंग पांढरं वाईट व्हतं का त्याची जागा?"

मी वही उघडली. तीन वर्षं पांढरा घासाशेजारीच होता, कारण क्रम बदलू नका असं मीच बजावलं होतं. हे मी त्यांना सांगितलं.

"तुमाला तरी काय ठाव," बाई म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात निफाडला गेल्या. त्यांच्या भावजयीनं, ठमाबाईंनी, एका मडक्यात राखेत घालून ठेवलेलं थोडं पांढरं बी निघालं. बहुतेक भुंग्यांनी पोखरलेलं. धड दाणे अकरा.

त्यांचं बी वाढवून पांढऱ्याची ओळ पुन्हा उभी केली, आणि तेव्हापासून आम्ही दर हंगामात ओळी फिरवतो. वाटलं होतं, आता तरी उलगडा होईल. पण एका पावसाळ्यात पांढरा विहिरीकडे निर्मळ राहिला, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी, घास लांब असूनही, मावा चढला. ठिपक्याचा उन्हाळ्यात नाजूक म्हणावा, तर गेल्या उन्हाळ्यात घासाला चिकटून तग धरून राहिला. वाण, जागा की हंगाम, नऊ वर्षांच्या खुणांतून मला सांगता येत नाही.

परवा बहिरूभाऊंनी पुन्हा विचारलं, "मंग कोणतं ठेवायचं?"

"भाऊसाहेबांची वही पुरी हुईस्तोवर तिन्ही," बाई म्हणाल्या.

"आन् ती कवा हुणार?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, निश्चित सांगता येत नाही.

येत्या मार्चात मी निवृत्त होतो. जुनी वही भरत आली आहे. काल बाजारातून नवी आणली, दोनशे पानी.