चिंचेने घासलेली लांडगीण

मुलांनो, भोरपासून वेल्ह्यापर्यंत तुमच्या आजोबांच्या मित्राइतका संतापी माणूस दुसरा झाला नाही. विंझरच्या मेंढपाळाच्या घरातले, एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर त्यांना रोमन नाण्यांचा नाद लागला आणि त्यांच्या संतापाला दोन हजार वर्षांचं रान मोकळं मिळालं. पुण्याच्या प्रदर्शनांतून काशाची जुनी नाणी आणायची आणि दर गुरुवारी माझ्या ओट्यावर बसून त्यांवरच्या बादशहांना फैलावर घ्यायचं. एकाची हनुवटी आखूड म्हणून, दुसऱ्याने डोक्यावर सूर्याचे किरण खोवले म्हणून. चहात साखर कमी पडली की मला.

एकच नाणं या रागातून सुटलं होतं. त्यावर एक लांडगीण माणसाची दोन बाळं पाजत होती, वर दोन चांदण्या. "आमच्या बाची सात मेंढरं खाल्ली हिच्या जातीनं," ते म्हणत, "पण वैनी, परक्याची लेकरं पाजली तिनं. मान हाय तिचा."

दिवाळीआधी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाताना ते नाणं माझ्याकडे ठेवून गेले. "नीट जपा. नव्या डोळ्यानं पयली हिलाच बघनार." नाण्यावरचा हिरवा थर काढू नये, हेही त्यांनी कधीतरी सांगितलं असणार, पण मी इतक्या वर्षांत मान हलवत न ऐकायला शिकले होते. देवाची भांडी घासताना ते हिरवट नाणंही चिंच-मीठ लावून लख्ख केलं.

काळा चष्मा लावून ते दवाखान्यातून थेट माझ्याकडे आले. मी कौतुकाने नाणं हातावर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, अंगठा फिरवला. चित्र त्या थरातच होतं, ते थरासकट गेलं होतं. मी शिव्यांची वाट पाहत उभी. "चकाकतंय," एवढंच म्हणाले, नाणं ओट्यावर ठेवलं आणि चहा न घेता गेले.

चार गुरुवार आले नाहीत. मला स्वतःचा संताप आला, आणि त्याहून त्यांचा. जगावर ओरडणारा माणूस नेमका माझ्यावर गप्प बसतो म्हणजे काय? पाचव्या गुरुवारी नाणं घेऊन मी विंझरची एसटी धरली. ते अंगणात बसले होते. "भाऊजी, काय बोलायचं ते बोला," मी म्हटलं.

त्यांनी नाणं उन्हात तिरकं धरलं. बराच वेळ पाहिलं. "एक चांदणी ऱ्हायलीय," ते म्हणाले, आणि मग आवाज चढला. "चिंच लावली तुमी तिला? चिंच?"

गोठ्यातली मेंढरं उठून उभी राहिली. ऊन उतरेपर्यंत ते बोलत होते. मी पायरीवर बसून ऐकलं. या वेळी एक शब्दही सोडला नाही.