एका हातात मावणारं अंतर

कारखान्यात त्यांना सगळे मायक्रॉनराव म्हणत. मापनखोलीत ते तीस वर्षं तपासनीस होते. खोलीचं तापमान बारमाही वीस अंश. यंत्रावरून उतरलेला दांडा तिथे आला की आधी दोन तास नुसता ठेवायचा, कारण गरम धातू खोटं माप देतो. मग हातमोजे घालून तो मोजायचा. पाच मायक्रॉन जास्त भरला की बाद. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो.

"घरी पोळ्यापण मोजून घेता का हो?" फोरमन विचारायचा.

"घेतो. तुझ्यासारखी जाड निघाली तर परत पाठवतो."

त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन नऊ हजार किलोमीटरवर गेली, तेव्हा बायको आठवडाभर जेवली नाही धड. तिला हसवायला त्यांनी हिशेब मांडला. किलोमीटरचे मीटर करायला तीन शून्यं, मीटरचे मिलिमीटर करायला तीन, मिलिमीटरचे मायक्रॉन करायला आणखी तीन. नऊ हजारातली तीन धरून बारा. नवावर बारा शून्यं. अंगठ्याने ते एकेक पेर मोजत गेले आणि चार बोटांची बारा पेरं नेमकी संपली.

"अगंबाई," ती म्हणाली, "एका हातात मावते की आपली लेक!"

तेव्हापासून दर रविवारी लेकीचा फोन ठेवला की ती आपला अंगठा पेरांवरून फिरवायची. "आले तिच्याकडे जाऊन," म्हणायची.

मग तिचं डोकं दुखू लागलं. तपासणीत मेंदूत गाठ निघाली. अठरा मिलिमीटर. "लहान आहे, औषधांनी बघू," डॉक्टर म्हणाले. अठरा हजार मायक्रॉनला लहान म्हणणारा माणूस मायक्रॉनरावांना पहिल्यांदाच भेटत होता.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. पहिल्या ठिकाणचं यंत्र बंद होतं, म्हणून दुसरीकडे. डॉक्टरांची भेट तीन आठवड्यांनंतरची. मायक्रॉनरावांनी कागद तिथेच, जिन्यात उघडला. आकार : २.४.

अठराचे दोन पूर्णांक चार! ते दोन-दोन पायऱ्या उतरत बाकावर बसलेल्या बायकोकडे आले. "अगं, विरघळली! राहिलंय काय, नखाएवढं."

लेकीने तिकीट काढून ठेवलं होतं, निघणं चार दिवसांवर आलं होतं. त्यांनी फोन केला. "घाई करू नकोस. पोरांच्या शाळा सुटल्या की सगळेच या, चांगले महिनाभर."

"नक्की ना बाबा?"

"मी स्वतः बघितलंय."

तिने तिकीट रद्द केलं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी कागद पाहिला आणि चष्मा काढला. "वाढली आहे. चोवीस मिलिमीटर."

"नाही, नाही. दोन पूर्णांक चार."

डॉक्टरांनी कागदावरच्या तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं : सेंटीमीटर.

कारखान्याच्या नकाशांवर एकक कधी लिहीतच नाहीत. आकडा म्हणजे मिलिमीटर, हे पहिल्या दिवशी शिकवतात. सेंटीमीटर शिंप्याच्या टेपवर असतो. मापनखोलीत तीस वर्षांत कोणी तो शब्द उच्चारला नव्हता. आणि कोणताही आकडा तासन् तास थंड होऊ देणाऱ्या माणसाने हा एकच आकडा गरम गरम उचलला होता.

बाहेर आल्यावर ते दारातच थांबले. बायकोनेच त्यांची बाही ओढली. "अहो, चला. तीन आठवडे मी शांत झोपले की नाही? ते काही खोटं नव्हतं."

लेकीला पुन्हा रजा मिळून ती येईपर्यंत सोळा दिवस गेले. आईची वाचा त्याच्या दोन दिवस आधी गेली होती. लेक उशाशी बसली. आईने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, कळलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी सगळं संपलं.

माणसं पांगल्यावर मायक्रॉनरावांनी तो कागद लेकीपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. तिने तो वाचला.

"मी मागितलाच नाही बाबा कागद," ती म्हणाली. "तुम्ही मोजलंय म्हटल्यावर परत कोण मोजतं?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

ती परत गेली. ते कामावर रुजू झाले. आता नोंदवहीत प्रत्येक आकड्यापुढे ते 'मिमी' लिहितात. फोरमनने एकदा टोकलं, "काय हो, कोणाला माहीत नाही का हे?" त्यांनी पुढच्या आकड्यापुढेही 'मिमी' लिहिलं.

रविवारी लेकीचा फोन येतो. औषधं घेता का, जेवता का, एवढंच. फोन ठेवला की त्यांचा अंगठा आपोआप करंगळीच्या पहिल्या पेरावर जातो. दोन, तीन, चार. तर्जनीच्या टोकाशी बारा भरतात. मग ते हात तसाच मांडीवर ठेवून बसून राहतात.