किटलीचं तरुणपण

गर्दीबाईंचं खरं नाव स्टुडिओत कुणाला आठवत नसे, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नसे. दुसऱ्या भाषेतले सिनेमे आपल्या भाषेत आणताना नायक-नायिकेला आवाज देणारी मंडळी वेगळी. बाजारातला कलकलाट, पुरातल्या किंकाळ्या, पाळण्यातलं रडणं आणि वेळप्रसंगी कोंबडी, हे सगळं बाईंच्या वाट्याचं. आजवर त्या पडद्यावर शेकडो वेळा बुडाल्या, जळाल्या, चेंगरल्या होत्या. एकदाही प्रेक्षकांनी डोळे पुसले नव्हते.

आता मात्र त्यांना अख्खं गाणं मिळालं होतं.

गाणाऱ्या भांड्यांचा तो जुना सिनेमा घराघरात पाठ होता. त्यातली कुरकुरी म्हातारी किटली तर सगळ्यांची लाडकी. तिला आवाज देणाऱ्या गायिकेने गाणं सोडलं, आणि नेमका त्याच वेळी निर्मात्यांना भांड्यांच्या तरुणपणाचा सिनेमा काढायचा झटका आला. आधीची गोष्ट नंतर सांगितली की लोक दोनदा तिकीट काढतात, हे त्यांना उमगलं होतं. किटलीसाठी बऱ्याच मुली तपासल्या. सगळ्या गोड गायल्या, उकळली एकही नाही. शेवटी पन्नाशी ओलांडलेल्या गर्दीबाई कालपरवा दुकानात आलेली कोरी किटली झाल्या.

ध्वनिमुद्रण संपल्यावर ध्वनिमुद्रक म्हणाला, "बाई, मला आवडलंय. पण लोकांनी जुन्या किटलीची आठवण काढली, तर पुढच्या भागाला दुसरी बघतील. तुम्ही परत गर्दीत."

म्हणून रविवारी दुपारच्या खेळाला बाई स्वतःच जाऊन बसल्या. डावीकडे नवरा. तो गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करी. स्वतःच्या जिभेला बसवायचा राहून गेला होता. उजवीकडे गाण्याचे क्लास घेणारी नणंद. तिला काही सांगितलं नव्हतं. मत खरं हवं होतं, आणि खरं मत देण्यात नणंदेचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

पडद्यावर किटलीने गाण्याआधी श्वास घेतला. सवयीने बाईंनीही घेतला, चांगला छाती भरून.

"वहिनी, दमा लागलाय का तुला?" नणंद कुजबुजली.

नवऱ्याने खोकला काढून हसू लपवलं.

मध्यंतरात बाई मक्याच्या लाह्यांच्या रांगेत मुद्दाम सर्वांत मागे उभ्या राहिल्या. नंबर जवळ आला की पुन्हा मागे जात. लोक काय बोलतात ते ऐकायचं होतं.

"पहिल्याची सर नाही," एक गृहस्थ म्हणाले. "चमच्यांचं भांडण फार लांबलंय."

"तुम्ही झोपला होतात," त्यांची बायको म्हणाली.

"झोपेतसुद्धा लांब वाटलं."

चष्मेवाल्या तरुणाचं दुःख वेगळंच होतं. "पहिल्या भागात कपाचा कान तुटका होता. इथे धडधाकट आहे. मग तुटला कधी?"

"पुढच्या भागात," मित्र म्हणाला. "नाहीतर तू पुन्हा कशाला येशील?"

किटलीबद्दल कुणी अवाक्षर काढेना. तेवढ्यात पुढच्या आजी नातीला म्हणाल्या, "जुनी किटली कशी खरखरीत होती गं. ही वेगळीच वाटते."

बाईंच्या डोळ्यांसमोर पूर, बाजार, कोंबड्या, सगळं रांगेने उभं राहिलं.

"आजी, असं काय करतेस?" नात चिडली. "ती अजून नवी आहे ना! रोज रोज चुलीवर बसली की होईल खरखरीत. आवाज तोच आहे!"

आजींनी क्षणभर विचार केला. "हो की. तोच आहे," म्हणाल्या, आणि दोघी तिथेच किटलीचं गाणं म्हणू लागल्या. शब्द साफ चुकीचे होते. मागून आणखी कुणी सूर धरला, मग झोपलेल्या गृहस्थांनीही. बाईंना हसावं की रडावं कळेना. दोन्ही आवाज त्यांना उत्तम जमत, पण आत्ता एकही फुटेना.

बाई लाह्या न घेताच धावत आल्या. नणंद खुर्चीत मान डोलावत होती.

"वन्सं, कसा वाटतोय?"

"चमचे बेसूर. चाळणीला ताल नाही. पण किटली! काय दम आहे बाईच्या गळ्यात! नाहीतर तू. एवढी वर्षं स्टुडिओत जातेस, एक ओळ शिकली असतीस तर?"

नवऱ्याने ओठ घट्ट मिटले. चेहरा लाल झाला. मग सगळं एकदमच बाहेर पडलं, "अगं, हीच ती किटली!"

पुढच्या दोन रांगा मागे वळल्या. नणंदेने वहिनीकडे आपादमस्तक पाहिलं. दिलेलं मत परत घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आणि ते बेसूर चमचे?"

"तेही मीच," बाई म्हणाल्या.

"वाटलंच." नणंदेने पर्स उघडली आणि भावाच्या हातात नोट कोंबली. "दादा, पळ. पुढच्या खेळाची तीन तिकिटं काढ. आणि वहिनी, या वेळी श्वास जरा हळू घे. मला नीट ऐकायचंय."